"मॅडम, श्वास कधी घ्याचा जी?"

२१ जूनला योग दिन असतो. पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून आमच्या नाचणगावात मुलांचा योग खरा सुरू होतो तो जुलैत. मागच्या वर्षी परिपाठानंतर मी सूर्यनमस्कार घेत होते. "एक, दोन, तीन..." माझा आवाज चढलेला. पाचवीतला एक मुलगा मध्येच थांबला. चेहरा लाल. म्हणाला, "मॅडम, श्वास कधी घ्याचा जी?"

मी सांगितलं, वर जाताना घे, वाकताना सोड. उत्तर बरोबर होतं. पण माझे आकडे इतके भरभर चालले होते की तसं करायला त्याला वेळच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरी स्वतःकडे लक्ष दिलं. आठ वर्षांपासून मी रोज बारा सूर्यनमस्कार घालते. आणि जिथे ताण पडतो तिथे मीही श्वास रोखून धरते! शरीर वाकत होतं, श्वास मात्र अभ्यासात नव्हताच.

माझं स्पष्ट मत आहे, आपण योग शिकवताना फक्त आकडा शिकवतो. रथसप्तमीलाही किती नमस्कार झाले हेच विचारलं जातं, कसे झाले ते कोणी विचारत नाही.

खरं तर आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अमळनेरला शिक्षणाचं काम केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. योगक्रियेच्या वेळी शरीरात काय घडतं, ते त्यांनी उपकरणं लावून तपासलं. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी प्राणायामाची सुरुवात आडवं पडून करायला शिकवलं. पतंजलींच्या क्रमातही आधी आसन स्थिर होतं, मग प्राणायाम येतो.

मी माझ्या अभ्यासात तीन बदल केले.

१. आधी पाच मिनिटं शवासन. एक हात पोटावर. श्वास बदलायचा नाही, फक्त बघायचा. पहिले काही दिवस मन सारखं डब्याकडे आणि हजेरीकडे पळायचं. पळू द्यायचं, पुन्हा हाताखालच्या पोटाकडे यायचं.

२. बाराऐवजी चारच नमस्कार. श्वास पुरा झाला की मगच पुढची स्थिती.

३. आसनात श्वास अडखळला की थोडं मागे यायचं. माझं पश्चिमोत्तानासन त्यामुळे चार बोटं मागे गेलं, पण पहिल्यांदाच त्यात शांत बसता आलं.

श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून सावकाश सोडलेल्या श्वासाने बरं वाटतं, यात चमत्कार काही नाही.

याचा उपयोग वर्गात झाला. ओरडण्याआधी माझा श्वास छातीत अडकतो, हे आता मला कळतं. कळलं की एकदा सावकाश सोडते. रोज जमतं असं नाही. पण घसा पूर्वीइतका बसत नाही आणि मुलंही दचकत नाहीत.

कोणी म्हणेल, लहान मुलांना हे कंटाळवाणं वाटेल. मी त्यांना झोपवून पोटावर वही ठेवायला सांगते. वही वर येते, खाली जाते. दोन मिनिटं सगळे गुपचूप बघत राहतात. मात्र मुलांना श्वास रोखायला लावू नका. मोठ्यांपैकी ज्यांना दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी, आणि गर्भवती महिलांनी, डॉक्टरांना विचारूनच प्राणायाम करावा.

उद्या सकाळी एकच करून बघा. नेहमीच्या अर्धेच नमस्कार घाला आणि प्रत्येक वेळी श्वास कुठे थांबतो ते पाहा. त्या मुलाला आता मी आकडे म्हणत नाही. "तुझा श्वास झाला का?" एवढंच विचारते, आणि तो होईपर्यंत थांबते.