घराआधी शेजार

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी मनुष्य घर बांधीत असे तो आपल्याच गावात. सुतार ओळखीचा, जमीन पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आणि शेजारी तर बहुधा भाऊबंदच. आज गोमंतकातील एखादे मध्यमवर्गीय कुटुंब लिस्बन शहरात सदनिका घेण्याचा विचार करते, तेव्हा यांपैकी कशाचाही आधार त्याला नसतो. हातात असतात ती दलालाने पाठविलेली छायाचित्रे. पोर्तुगीज पारपत्राच्या बळावर इंग्लंड गाठण्याचा मार्ग २०२० च्या अखेरीस नवागतांना बंद झाला आणि आजवर केवळ वाटेतले ठाणे असलेला पोर्तुगाल काही कुटुंबांना मुक्कामाचे ठिकाण वाटू लागला. ज्या राजवटीशी गोमंतकीय झुंजला, तिच्या राजधानीत त्याने घर करावे यात आम्हाला विसंगती दिसत नाही. तो लढा सालाझारशाहीशी होता, पोर्तुगीज माणसाशी नव्हता. आणि त्या माणसानेही १९७४ मध्ये ती राजवट उलथून टाकली. प्रश्न आहे तो एवढाच की, आयुष्यभराची पुंजी ओतून घ्यावयाचे हे घर कोणत्या वस्तीत घ्यावे? सुरक्षित आणि परवडणारी वस्ती ओळखावी तरी कशी?

दलालाच्या तोंडी दोन शब्द सदैव असतात. एक ‘सुरक्षित’ आणि दुसरा ‘भाव चढणारा’. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत, असे तो ग्राहकाला भासवितो. लिस्बनमधील भाव कशामुळे चढले हे पाहिले, तर या भासातील फोलपणा ध्यानात येतो. ऑक्टोबर २०१२ पासून साधारणतः ५ लाख युरोंची मालमत्ता विकत घेणाऱ्या परकीयास तेथे निवासाचा परवाना मिळू लागला. हा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाला, आणि तो बंद करणाऱ्या सरकारचे पंतप्रधान मडगावशी नाते सांगणारे आंतोनियो कॉश्ता हे होते. मधल्या दशकात पर्यटकांना रात्रीपुरती भाड्याने देण्यासाठी घरे घेण्याचा सपाटा लागला. आल्फामा, मोरारिया यांसारख्या पुरातन मोहल्ल्यांत अशा निवासांची इतकी गर्दी झाली, की २०१८ मध्ये नगरपालिकेला तेथील नवी नोंदणी थांबवावी लागली. १९८१ च्या जनगणनेत ८ लाखांवर असलेली लिस्बन नगराची लोकसंख्या २०२१ मध्ये साडेपाच लाखांच्या आत आली. या घटीची कारणे अनेक आहेत; पण रहिवासी उपनगरांत जात राहिले आणि शहराच्या गाभ्यातील भाव मात्र वर चढत राहिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. सारांश, भाव चढला म्हणजे शेजार सुधारला असे नव्हे. कित्येकदा तो शेजार नाहीसा झालेला असतो.

आमच्या मते वस्तीच्या सुरक्षिततेची खरी कसोटी हीच आहे. जेथे बाराही महिने माणसे राहतात, ती वस्ती सुरक्षित. पर्यटकांचा हंगाम नसताना, जानेवारीतल्या एखाद्या रात्री दहा वाजता त्या रस्त्यावर उभे राहावे आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजावे. पदेराचे दुकान, औषधालय आणि शाळा पायी जाण्याच्या अंतरावर आहेत का, दोऱ्यांवर लहान मुलांचे कपडे वाळत आहेत का, हे पाहावे. दाराशेजारी पर्यटक-निवासाची ‘एएल’ अक्षरांची पाटी लावणे तेथे बंधनकारक आहे. एका इमारतीवर अशा पाट्या किती, हेही मोजावे. जिन्यात दर तिसऱ्या दिवशी नवा चेहरा दिसत असेल, तर अडीअडचणीला कोणाचे दार ठोठावणार? लिस्बन हे एकंदरीत शांत शहर आहे. तेथे पाहुण्यांना सतावणारा गुन्हा बहुतांशी खिसेकापूंचा, आणि तो पर्यटकांनी भरलेल्या ट्राममध्येच अधिक. तेव्हा ‘प्रसिद्ध’ आणि ‘सुरक्षित’ या शब्दांतही अंतर राखणे बरे.

वस्तीची कीर्ती कायमची नसते, हे इंतेंदेंत चौकाच्या उदाहरणावरून दिसते. हा चौक एकेकाळी मादक द्रव्यांचा व्यापार आणि वेश्याव्यवसाय यांसाठी कुप्रसिद्ध होता. २०११ मध्ये त्या वेळी नगराध्यक्ष असलेल्या कॉश्ता यांनी आपले कार्यालयच तेथे हलविले. चौकाचा कायापालट झाला, उपाहारगृहे आली, आणि मागोमाग भाडी चढून जुन्या भाडेकरूंना निघावे लागले. त्याच चौकालगतच्या बेन्फोर्मोसो रस्त्यावर १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी झडतीसाठी स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करवून रांगेने उभे केले. त्यांतील बहुतेक जण दक्षिण आशियाई होते. म्हणजे ‘सुरक्षित’ या शब्दापुढे ‘कोणासाठी?’ हा प्रश्न आपल्या वर्णाच्या माणसाला विचारावाच लागतो. मात्र ११ जानेवारी २०२५ रोजी या वागणुकीच्या निषेधार्थ हजारो लोक लिस्बनच्या रस्त्यांवर उतरले, हेही विसरता कामा नये. आपल्यासाठी रस्त्यावर येणारे शेजारी ज्या शहरात आहेत, ते शहर आपल्याला सर्वस्वी परके नाही.

परवडणारी घरे शोधणाऱ्याला शहराच्या सीमेबाहेर पाहावे लागते. ओदिव्हेलासला २००४ पासून भुयारी रेल्वे जाते. अमादोराच्या रेबोलेरापर्यंत ती २०१६ मध्ये पोहोचली. तेजो नदीपलीकडे अल्मादा आणि बारेइरो येथून फेरीबोटी सुटतात. बोटीने कामावर जाण्याची सवय तर आपल्या बेटांवरील लोकांच्या अंगवळणीच पडली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मासिक पासाने साऱ्या महानगर क्षेत्रात ४० युरोंत फिरता येऊ लागले, तेव्हापासून हे अंतर खिशाला जाचत नाही. अमादोराचे नाव काढले की काही जण दचकतात. तेथील कोव्हा द मोरा वस्तीत ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने एक जण मृत्युमुखी पडला आणि त्यानंतर जाळपोळ झाली, हे खरे. परंतु एका वस्तीवरून सबंध नगराला डाग लावणे हा आळशी विचार होय. चार गल्ल्या ओलांडल्या की चित्र पालटते. म्हणूनच चौकशी नगराची नको, रस्त्याची हवी.

आपल्या लोकांच्या जवळपास राहावे, ही इच्छाही स्वाभाविक आहे. लौरेस नगरातील सांतो आंतोनियो दोस कावालेरोस येथे दीव आणि मोझांबिक या मार्गाने आलेल्या गुजराती हिंदूंची मोठी वस्ती आहे. तेल्हेरासनजीक राधाकृष्णाचे मंदिर आहे. नवख्या कुटुंबाला अशा शेजाराचा आधार मोठा. पण मुलांनी पोर्तुगीज भाषा आणि पोर्तुगीज सवंगडी मिळवावेत, एवढी मोकळी हवाही त्या वस्तीत असली पाहिजे.

आता भिंतींविषयी. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले, ही केवळ इतिहासातील गोष्ट नव्हे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी पहाटे या शहराला पुन्हा धक्का जाणवला. पोर्तुगालमध्ये भूकंपरोधक बांधकामाची पहिली नियमावली आली ती १९५८ मध्ये. त्यापूर्वीच्या देखण्या इमारतीत घर घ्यावयाचे असेल, तर तळमजल्यावर दुकानासाठी भिंती पाडल्या आहेत काय, हे स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घ्यावे. कागदपत्रांच्या बाबतीत गोमंतकीयाला थोडा लाभ आहे, कारण ‘मात्रिज’ हा शब्द आपल्या जुन्या दस्तांतून त्याच्या परिचयाचा आहे. तरीही दक्षता हवीच. जानेवारी २०२४ पासून खरेदीखताच्या वेळी वापरपरवाना दाखविण्याची सक्ती उठली. तेव्हा तो आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आता ग्राहकावरच आली. साठेखत करून विसार दिल्यावर ग्राहकाने माघार घेतली तर विसार बुडतो आणि विक्रेत्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावा लागतो, असा तेथील कायदा आहे. म्हणून सही करण्यापूर्वी वकील आपला असावा. दलालाने सुचविलेला नव्हे. इमारतीच्या देखभालीची थकबाकी किती, याचा दाखला २०२२ च्या कायद्याने विक्रेत्याने द्यावयाचा असतो. तो माफ करण्याचा मोठेपणा ग्राहकाने दाखवू नये.

परवडण्याचा हिशेब किमतीपाशी संपत नाही. किमतीबरोबर चढत जाणारा हस्तांतरण कर, ०.८ टक्के मुद्रांक, पुढे दरसाल करपात्र मूल्यावर ०.३ ते ०.४५ टक्के घरपट्टी आणि दरमहा देखभालवर्गणी हे सर्व जमेस धरावे लागते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठविता येते, हेही लक्षात असू द्यावे. या हिशेबात गावातील वडिलोपार्जित घर विकण्याची पाळी येत असेल, तर ते दूरचे घर परवडले असे आम्ही म्हणणार नाही. त्यापेक्षा एक वर्ष भाड्याने राहून वस्तीचे चारही ऋतू पाहावेत.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आसगाव, शिवोलीसारख्या आपल्या गावांत बाहेरच्या धनिकांनी घरे घेतली, वर्षातील अकरा महिने त्यांना कुलपे लावली आणि गावातल्या तरुणाला गावात घर घेणे अशक्य करून सोडले, याबद्दल आपण संताप व्यक्त करतो. तो संताप रास्त आहे. परंतु लिस्बनमधील घर केवळ भाव चढेल म्हणून घेणारा आणि ते पर्यटकांसाठी राखणारा गोमंतकीय तेथील पदेराच्या, शिक्षिकेच्या आणि पेन्शनरांच्या वाट्याला तेच दुःख देत असतो. राहण्यासाठी घर घेणारा मात्र वस्तीत एक दिवा वाढवितो; त्याची सुरक्षितता आणि शेजाऱ्यांची सुरक्षितता एकच ठरते. आपल्या गावी परक्याने जे करू नये असे आपल्याला वाटते, ते परक्याच्या गावी आपणही करू नये. एवढे पथ्य पाळून ज्यांना जावयाचे आहे, त्यांनी खुशाल जावे.