‘शुद्ध’ रक्ताचा अभिमान कशाला?

आम्हां पदार्थविज्ञानवाल्यांची एक सोय असते. विश्वातले सारे इलेक्ट्रॉन हुबेहूब सारखे. एकाचे गणित सुटले की सर्वांचे सुटले! सजीवांत मात्र हाच सारखेपणा घात करतो. तासगावच्या द्राक्षबागा पाहा. वेली काडीपासून किंवा कलमाने वाढवतात. त्यामुळे एका वाणाच्या साऱ्या वेलींची जनुके जवळजवळ एकच. अवेळी पाऊस झाला आणि डाऊनीची बुरशी एका वेलीवर पोसली, की शेजारची वेल तिला परकी नसते.

माणसांचे सहसा असे होत नाही. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुके असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर जणू तबके मांडतात. आत विषाणू शिरला, की त्याचे तुकडे या तबकांत ठेवून पांढऱ्या पेशींना दाखवले जातात. प्रत्येक तबकात सगळेच तुकडे मावत नाहीत. म्हणून आईचा संच एक आणि वडिलांचा दुसरा असला, तर अधिक तुकडे पकडले जातात. असे भिन्न संच असणाऱ्या एचआयव्हीबाधितांना एड्स उशिरा होतो, असे 1999 साली दिसून आले. या जनुकांची 40 हजारांहून अधिक रूपे आज ठाऊक आहेत.

तेव्हा ‘आमचे रक्त शुद्ध’ असे कोणी मिशीला पीळ देऊन सांगितले, की मला ती द्राक्षबागच आठवते. साताऱ्या-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. अशा लग्नांत मुलाला दोन्हीकडून एकच संच मिळण्याची शक्यता वाढते.

हीच विविधता रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला मात्र अडचणीची ठरते, कारण अस्थिमज्जारोपणासाठी एचएलए जुळावे लागते. 1983 साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले असे रोपण केले, तेव्हा मज्जा मुलीच्या सख्ख्या भावाची होती. सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक. हल्ली निम्मे जुळणारे आईवडीलही चालतात. तरी पूर्ण जुळणारा दाता मिळाला तर उत्तमच. असा परका दाता बहुधा आपल्याच मुलखाच्या, आपल्याच पूर्वजांच्या लोकांत सापडतो. साताऱ्याच्या मुलासाठी युरोपातील दात्यांची यादी कितीशी उपयोगी पडणार?

नोंदणीला वयाची 18 वर्षे पूर्ण लागतात आणि गालाच्या आतून फिरवलेला एक बोळा पुरतो. कराड-सांगलीच्या महाविद्यालयांत रक्तदान शिबिरे होतात. तिथे खाटांशेजारी या नोंदणीचे एक टेबल का नसावे? शिक्षकांनी हे मनावर घ्यावे. आणि तुमचे वय बसत नसले, तरी घरातल्या थोरल्या भावंडांना विचारायला काय हरकत आहे?