वस्तीस नांव कोणीं ठेविलें?

आमच्या परभणी जिल्ह्यांतील सुशिक्षित मंडळींस स्थलनामांच्या व्युत्पत्तीची मोठी हौस. परभणी ही मूळची प्रभावतीनगरी, जिंतूर हें जैनपूर, ही परंपरागत समजूत पाहुण्यांस ऐकविल्यावांचून आमची बैठक पुरी होत नाहीं. पण त्याच बैठकींत, ‘वेशीबाहेरील वस्तीस महारवाडा हें नांव कसें पडलें?’ असा प्रश्न कोणीं केला, कीं सर्वत्र शांतता पसरते. वास्तविक ही व्युत्पत्ति सर्वांत सोपी; तींत अपभ्रंशाची अडचण नाहीं. अडचण आहे ती उत्तर देणाराच्या मनांत.

महाराष्ट्र शासनानें डिसेंबर २०२० मध्यें वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, तसेंच ब्राह्मणवाडा, माळी गल्ली यांच्या जागीं समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशीं नांवें सुचविलीं. त्यावर आमच्या वर्गाकडून दोन आक्षेप ऐकूं येतात.

पहिला आक्षेप, नांवाला महत्त्व तें काय? हा युक्तिवाद आम्हीं शेक्सपिअरच्या ज्यूलिएटकडून उसना घेतला आहे. मात्र तिला व तिच्या प्रियकरास कुळाच्या नांवापायींच प्राण गमवावे लागले, हें आम्हीं सोयीस्करपणें विसरतों. शिवाय मराठवाड्यांतील माणसानें तरी हें बोलूं नये. विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळांत २७ जुलै १९७८ रोजीं झाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजीं. नांवांत कांहीं नसतें, तर मध्यंतरीं दलितांचीं घरें कशासाठीं जाळलीं गेलीं?

दुसरा आक्षेप, इतिहास पुसला जातो. इतिहास अवश्य जपावा. पण त्याची जागा ग्रंथांत आहे, मुलाच्या नोकरीच्या अर्जावर नाहीं. १९५६ सालीं नागपुरास धर्मांतर झालें. माणसांनीं धर्म बदलला, परंतु पत्ता बदलला नाहीं. शिधापत्रिका, मनीऑर्डर, लग्नपत्रिका यांतून तो त्यांच्या पाठीस लागलेलाच राहिला. ब्राह्मणगल्लीचेंहि नांव जातिवाचकच, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण एका पत्त्यानें दार उघडतें, दुसऱ्यानें तें लागतें. दोन्ही नांवें जावीं हें योग्य. दोहोंचें ओझें सारखें होतें, असें मात्र म्हणूं नये.

मराठींत ‘नांव ठेवणें’ याचे दोन अर्थ आहेत. बारशाला ठेवतात तें एक, आणि दूषण देण्यासाठीं ठेवतात तें दुसरें. या वस्त्यांच्या बाबतींत वेशीच्या आंतल्यांनीं दोन्ही कार्यें एकाच शब्दांत उरकलीं. राहणारांस कोणीं विचारलें नाहीं. म्हणूनच नवें नांवहि कचेरींतील यादींतून उचलून लावणें म्हणजे जुन्याच रीतीची पुनरावृत्ति होय. तें राहणारांनींच ठरवावें.

आणि पाटी बदलली म्हणजे काम झालें, असेंहि समजूं नये. गांवचा पक्का रस्ता आणि नळ जर समतानगरच्या तोंडाशींच संपत असतील, तर तें नांव म्हणजे उघड थट्टाच ठरेल. इतिहासप्रेमी मंडळींस एवढीच विनंति कीं, आपल्या गांवाचा इतिहास लिहितांना प्रभावतीपाशीं थांबूं नका. वेशीबाहेर कोण, कोणाच्या आज्ञेनें राहिलें, तेंहि लिहा. तें लिहून झालें, कीं जुनी पाटी खुशाल उतरवावी.