जाहीर आणि उघड

एखादी गोष्ट जाहीर करणे निराळे आणि ती उघडपणे सांगणे निराळे. वाढवण बंदराच्या प्रकरणात हा भेद धाकटी डहाणूसारख्या मच्छिमार गावांना जितका जाणवला असेल, तितका क्वचितच कोणाला जाणवला असेल.

केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले आणि २०२३ मध्ये त्याच ठिकाणच्या बंदराला सशर्त संमती दिली. मत बदलणे हा अपराध नव्हे. परंतु पहिल्या नकाराची कोणती कारणे आज उरली नाहीत, हे ज्यांची उपजीविका पणाला लागते त्यांना त्यांच्या भाषेत समजावून देणे अगत्याचे ठरते.

कायदा येथे अपुरा पडतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते. मात्र अहवालाचा केवळ सारांश लोकभाषेत देणे बंधनकारक आहे. सारांश मराठीत आणि तपशील इंग्रजीत, अशा वाटणीत नियम पाळला जातो. विश्वास मात्र निर्माण होत नाही. सुमारे १४४८ हेक्टर समुद्रात भराव पडल्यावर मासळीचे काय होईल, या प्रश्नाचे उत्तर सारांशात मावणारे नाही.

उघडपणाचे हे बंधन विरोधकांवरही आहे. भय वाढवून सांगणे हीदेखील एक प्रकारची लपवाछपवीच होय.

३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. म्हणून आता बोलून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. पण त्याच अधिसूचनेप्रमाणे अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी सादर करावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. हा अहवाल किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा, त्यावर प्रश्न विचारले जावेत आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगावे. यास नवा कायदा नको, इच्छा हवी.

बाजारात कोळीण गिऱ्हाइकाला माशाचा कल्ला उचलून दाखविते. माल ताजा असेल तर तिला संकोच वाटत नाही. हजारो कोटींच्या व्यवहारात शासनाकडून तेवढीच अपेक्षा करणे अवाजवी म्हणता येणार नाही.