दार उघडं, पडदा ओढलेला

माझ्या भावाला दोन मुली. थोरली अठ्ठावीसची, धाकटी चोवीसची. दोघी मिळून मोबाईलवर व्हिडिओ करतात. एकीनं पुरणपोळी लाटायची, दुसरीनं ती फाटली म्हणून हसायचं. कधी आईच्या कपाटातल्या जुन्या साड्या नेसून दाखवायच्या, कधी बाबांच्या घोरण्याची नक्कल करायची. सुरुवातीला बघणारे आम्ही नातेवाईकच होतो. मग शेजारीपाजारी आले आणि बघता बघता आकडा काही हजारांवर गेला. भाजीवाली बाईसुद्धा वहिनीला विचारू लागली, ‘‘काल तुमची पोळी फाटली ना?’’ वहिनी आधी लाजली, मग सुखावली. खोटं कशाला सांगू, मीही सुखावले होते.

थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा साखरपुडाही सगळ्यांनी पाहिला. दिवाळीच्या तोंडावर ते लग्न मोडलं. का मोडलं, हे इथे सांगण्याचं कारण नाही. त्या रात्री स्वयंपाकघरात थोरली आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि धाकटीच्या हातात सवयीनं मोबाईल होता. तिनं ते टिपलं. आठवड्यानं म्हणाली, ‘‘आत्या, लोक रोज विचारतात, जिजू कुठे दिसत नाहीत? काहीतरी सांगायला नको? हे टाकलं तर त्यांना कळेल तरी.’’ थोरली एवढंच म्हणाली, ‘‘टाक, तुला काय टाकायचं ते.’’ हे शब्द परवानगीचे असले, तरी तो सूर परवानगीचा नव्हता, हे घरातल्या प्रत्येक बाईला कळलं. धाकटीला तेवढं कळलं नाही.

माझं रामेश्वरला जाणं बरेच दिवस राहिलं होतं. मी दोघींनाही बरोबर घेतलं. तंजावरला मुक्काम करायचा आणि तिथून गाडीनं पुढे जायचं, असं ठरलं. म्हटलं, चार दिवस घराबाहेर काढले की डोकी थंड होतील.

गाडीत बसल्या बसल्या धाकटीनं मोबाईलवर तिच्या आवडत्या अमेरिकन बहिणी लावल्या. कार्दाशियन कुटुंब. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आई क्रिस जेनर आणि तिच्या पाच मुली : कोर्टनी, किम, क्लोई, केंडल आणि कायली. त्यांचं रोजचं जगणं, खाणंपिणं, रुसवेफुगवे, बाळंतपणं आणि घटस्फोट दाखवणारा कार्यक्रम ऑक्टोबर २००७मध्ये सुरू झाला. जून २०२१पर्यंत त्याची वीस पर्वं झाली. एप्रिल २०२२पासून तेच कुटुंब नव्या नावाच्या कार्यक्रमात पुन्हा दिसू लागलं. आई नुसती आई नाही. मुलींची कामं बघणारी व्यवस्थापक आणि कार्यक्रमाची निर्मातीही तीच.

‘‘बघ आत्या, त्या सगळं दाखवतात. काही लपवत नाहीत. म्हणून लोकांना त्या आपल्या वाटतात,’’ धाकटी म्हणाली.

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. परक्याच्या घरात डोकावायला आपल्यालाही आवडतंच. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, तेव्हा आदेश बांदेकर कुणाच्या घरी पैठणी घेऊन गेले आहेत, हे बघायला घरोघरी संध्याकाळची कुकरची शिटी लांबायची. पण त्या कार्यक्रमात पाहुणा तासाभरात निघून जायचा. घर पुन्हा घरच्यांचं व्हायचं. कार्दाशियन बहिणींकडे पाहुणा राहायलाच आला, चौदा वर्षं राहिला, आणि त्याला रोज नवं काहीतरी वाढावं लागलं.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. ऑक्टोबर २०१६मध्ये पॅरिसमध्ये किमच्या खोलीत शस्त्रं घेऊन चोर शिरले, तिला बांधून ठेवलं आणि लाखो डॉलरचे दागिने नेले. तिनंच समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रांनी चोरांचं काम सोपं केलं, याची तेव्हाही चर्चा झाली आणि २०२५च्या मे महिन्यात पॅरिसच्या कोर्टानं आठ जणांना दोषी ठरवलं तेव्हाही झाली. चोरीच्या पुढच्याच वर्षी त्या रात्रीची कहाणी कार्यक्रमातही आली होती.

मला मात्र त्याहून दुसरीच गोष्ट जास्त बोचली. २०२०च्या पर्वात कोर्टनी आणि किम या सख्ख्या बहिणी कॅमेऱ्यासमोर हातघाईवर आल्या. भांडणाचं मूळ काय? थोरल्या कोर्टनीला स्वतःचं काही स्वतःपुरतं ठेवायचं होतं. इतर बहिणींचं म्हणणं, तू तुझं दाखवत नाहीस म्हणून आम्हाला आमचं जास्त दाखवावं लागतं. म्हणजे दुःख वाटून घेण्याऐवजी दुःख दाखवण्याची पाळी वाटून घ्यायची! मी हे सांगितलं तेव्हा थोरली खिडकीबाहेर बघत होती. तिनं मान वळवली नाही, पण ऐकत होती.

‘‘आपल्याकडे असं नव्हतं ना?’’ धाकटीनं विचारलं. नव्हतं कसं? आपल्या मराठी घरातलंच उदाहरण आहे. शोभना समर्थ स्वतः नावाजलेल्या नटी. त्यांनी थोरल्या नूतनला १९५०च्या ‘हमारी बेटी’तून पडद्यावर आणलं. चित्रपट काढणारी आई, दिग्दर्शक आई आणि नावही ‘हमारी बेटी’. छोटी तनुजाही त्यात होती. पुढे १९६०मध्ये ‘छबिली’ आला, त्यात दोघी बहिणी होत्या आणि दिग्दर्शन पुन्हा आईचं. लोकांना दोघींचं भारी कौतुक होतं. मग पैशांच्या व्यवहारावरून मायलेकींमध्ये वाद झाला, तो कोर्टापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं अबोला राहिला. सिनेमाच्या मासिकांनी त्यावर पानं भरली. पुढे १९८३मध्ये दोघींचा समेट झाला. नूतन १९९१ साली गेली. आज तिचं नाव निघालं की ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’ आठवतात; कोर्टातले कागद कुणाला आठवत नाहीत. त्याच घरातल्या तिसऱ्या पिढीची, तनुजाची धाकटी मुलगी तनिषा, २०१३मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात राहायला गेली आणि शेवटच्या फेरीत दुसरी आली. आजीच्या काळी घरातली बातमी बाहेर फुटायची. नातीच्या काळी घरच कॅमेऱ्यासाठी बांधलेलं होतं.

तंजावरला पोचल्यावर आम्ही बृहदीश्वराच्या देवळात गेलो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे मराठी राज्य उभं केलं आणि ते १८५५पर्यंत टिकलं, एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. देवळाच्या आवाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या शरफोजीराजांनी तो १८०३मध्ये कोरवून घेतला. तमिळ देशात, चोळांच्या देवळात, दगडावर लांबच लांब मराठी ओळी बघून धाकटी टाळी वाजवून म्हणाली, ‘‘आत्या, म्हणजे हाही फॅमिली शोच की!’’

मला हसू आलं. तिचं बरोबर होतं. घराण्याची गोष्ट चारचौघांत सांगण्याची हौस काही नवी नाही. फक्त काय कोरायचं आणि काय नाही, हे राजानं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रामेश्वरची वाट धरली. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. एरवी कुणी प्रवासी तिथे थांबणार नाही. मला थांबायचं होतं ते मुक्तांबाळ छत्रासाठी. छत्र म्हणजे आपल्याकडची धर्मशाळा आणि अन्नछत्र, दोन्ही एकत्र. रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर तंजावरच्या मराठी राजांनी अशी छत्रं बांधली आणि त्यांना नावं दिली ती घराण्यातल्या स्त्रियांची : यमुनांबाळ, द्रौपदांबाळ, राजकुमारांबाळ, मोहनांबाळ. ओरत्तनाडुचं छत्र शरफोजींनी १८०२च्या सुमारास मुक्तांबाळच्या नावानं बांधलं.

मुक्तांबाळ राजांची फार लाडकी होती. ती लग्नाची राणी नव्हती, असं सांगतात. मरताना तिनं राजांकडे मागणं केलं की माझं नाव राहील असं काही करा, अशीही आठवण सांगतात. राजांनी तिच्यासाठी जे केलं, ते समोर उभं होतं. दगडी पायावर हत्ती आणि घोडे कोरलेले. सगळी इमारत म्हणजे जणू त्यांनी ओढलेला रथ. काळानं बरीच पडझड केली आहे. पुढे इथे शाळा भरली, विद्यार्थ्यांचं वसतिगृह झालं. म्हणजे यात्रेकरू गेले तरी तिच्या घरी कुणीतरी येतच राहिलं.

‘‘ती दिसायला कशी होती?’’ धाकटीनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी फक्त छत्रांत काय चालायचं ते सांगितलं. १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा मुलूख उरला. तेव्हा छत्रं तरी आपल्याकडे राहू द्या, म्हणून शरफोजींनी १८०१मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. त्यात छत्रांच्या कामाचं वर्णन आहे. वाटसरूला शिजवलेलं अन्न मिळायचं. तान्ह्या बाळांना दूध दिलं जायचं. अनाथ मुलांना शिकवायला शिक्षक असत, आजाऱ्यासाठी वैद्य असत, अडलेल्या बाळंतिणीची तिथेच काळजी घेतली जाई. वाटेत कुणी वारला तर त्याचे अंत्यसंस्कारही होत. आणि मध्यरात्री घंटा वाजवून हाक दिली जाई, की कुणी जेवायचं राहिलं असेल तर या.

घंटेचं ऐकून थोरली पहिल्यांदा बोलली. ‘‘म्हणजे राज्य गेलं, तेव्हा राजानं मागून काय घेतलं, तर लोकांना जेवू घालायचं काम?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

ती पायऱ्यांवर बसली. थोड्या वेळानं धाकटी तिच्या शेजारी जाऊन बसली. मी मुद्दाम लांब गेले.

वाचकहो, मी काही मोबाईल फेकून द्या म्हणणाऱ्यांतली नाही. घर दाखवण्यात पाप नाही. आपल्या आज्या ओट्यावर बसून घरातलं निम्मं गावाला सांगत होत्याच. पण काय सांगायचं आणि काय पदराखाली ठेवायचं, हे त्यांना कळत होतं. माझं म्हणणं इतकंच आहे, की घर दाखवणं वेगळं आणि घर उघडणं वेगळं. ओरत्तनाडुच्या छत्राचं दार येणाऱ्यासाठी उघडं होतं. राजाच्या आणि मुक्तांबाळच्या खासगी आयुष्यावर मात्र पडदा होता. तिच्या रुसव्याफुगव्यांतलं आपल्यापर्यंत काही आलेलं नाही. तिच्या नावानं दोन घास मिळाले, हे सव्वादोनशे वर्षांनी माझ्यासारख्या परगावच्या बाईला ठाऊक आहे.

तेव्हा घरातला प्रसंग चारचौघांपुढे मांडण्याआधी एक बघावं : ही गोष्ट कुणाची आहे? रडणारीची असेल, तर तिचा होकार शब्दांत ऐकून भागत नाही, तिच्या तोंडाकडे बघावं लागतं. आई, सासू, लहान मूल, आजारी माणूस यांना तर ‘नाही’ म्हणायचं सुचतही नाही. त्यांच्या वतीनं ते आपणच म्हणायचं असतं. आणि बघणाऱ्यांनीही थोडा हात आखडता घ्यावा. ‘जिजू कुठे?’ असं विचारणारे सगळे दुष्ट नसतात. पण एखादीनं उत्तर दिलं नाही, तर तेच उत्तर समजून पुढे जावं.

रामेश्वरला पोचलो त्या रात्री खोलीत धाकटीनं तो स्वयंपाकघरातला व्हिडिओ काढला आणि मोबाईल बहिणीच्या हातात दिला. ‘‘तूच पूस,’’ म्हणाली. थोरलीनं लगेच पुसला नाही. आधी शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाली, ‘‘आई किती दमलेली दिसते गं.’’ आणि पुसून टाकला. नंतर दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

पुण्याला परत आल्यावर आठवड्यानं त्यांचा नवा व्हिडिओ आला. सुरुवातीला थोरली कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, ‘‘माझं लग्न ठरलं होतं, ते आता होणार नाही. मी बरी आहे. यापेक्षा जास्त विचारू नका. आज आपण कोथिंबीरवडी करतोय.’’

बघणारे वाढले की कमी झाले, मी विचारलं नाही. वडी तळताना फुटली, तेवढी मात्र त्यांनी दाखवली.