नाव जुळत नाही, म्हणून हक्क नाही?

‘नाव जुळत नाही’ हे तीन शब्द भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकाला, शेतमजुराला आणि विडी कामगार स्त्रीला आता अपरिचित राहिलेले नाहीत. धानाच्या हमीभाव खरेदीची नोंदणी असो, भविष्य निर्वाह निधीतील स्वतःच्याच घामाचे पैसे काढणे असो, की निराधार वृद्धेचे अनुदान असो. संगणकाच्या पडद्यावर हे शब्द उमटले की प्रकरण तेथेच थांबते. या निकालावर कोणाची सही नसते आणि दाद कोठे मागावी हेही त्यात लिहिलेले नसते. खिडकीपलीकडचा कारकून हात झटकून सांगतो, ‘सिस्टीम घेत नाही.’ जणू सिस्टीम ही पावसासारखी निसर्गाची गोष्ट आहे! वस्तुतः हा निकाल यंत्राचा नाही. तो राज्यकर्त्यांचा आहे. यंत्र केवळ तो वाचून दाखवते.

हे समजण्यासाठी संगणकप्रणाली कशी रचतात हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आजच्या बहुतेक मोठ्या प्रणाली ज्या पद्धतीने लिहिल्या जातात तिला ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ पद्धती म्हणतात. तीत प्रथम ‘क्लास’, म्हणजे वर्ग, निश्चित करावा लागतो. ‘व्यक्ती’ या वर्गात कोणते रकाने असावेत, त्यांपैकी सक्तीचे कोणते, कोणता एकदा भरल्यावर बदलता येणार नाही, आणि दोन ठिकाणच्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे केव्हा समजावे, हे सारे या व्याख्येत आधीच लिहून ठेवलेले असते. प्रत्यक्ष माणूस नंतर येतो, आणि येतो तो त्या साच्यातून निघालेली एक वस्तू म्हणून. ज्या गोष्टीला साच्यात जागा नाही, ती त्याच्या आयुष्यात असूनही नसल्यासारखी होते. समाजवादी चळवळीला ‘वर्ग’ हा शब्द वेगळ्या अर्थाने परिचित आहे. परंतु व्याख्या कोणी करायची आणि ती कोणाच्या सोयीची असायची, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

सरकारी साच्यातला माणूस कसा असतो? त्याचे नाव जन्मापासून मृत्यूपर्यंत एकच असते. जन्मतारीख त्याला नक्की ठाऊक असते, पत्ता कायम असतो, आणि रोमन लिपीत आपले नाव कसे लिहावे याविषयी त्याच्या घरात कधी दुमत झालेले नसते. थोडक्यात, तो शिकलेला, पगारदार, शहरी पुरुष आहे. भंडारा जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे या वर्णनात बसत नाहीत.

लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील एखाद्या साठीच्या स्त्रीचा विचार करावा. माहेरी तिचे एक नाव होते. लग्नात सासरच्यांनी दुसरे ठेवले. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव आले आणि आडनावही पालटले. शाळेच्या दाखल्यावर, असलाच तर, एक स्त्री आहे, शिधापत्रिकेवर दुसरी. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव लागलेच, तर ती तिसरी. ज्या समाजाने लग्नानिमित्त तिचे नाव बदलणे हा धर्म मानला, त्याच समाजाचे सरकार आता तिलाच विचारते, ‘तू तीच कशावरून?’

पुरुषांचीही सुटका नाही. वाघमारे हे आडनाव देवनागरीत एकाच रीतीने लिहिले जाते. रोमन लिपीत त्यातील ‘व’ कोणी व्ही या अक्षराने लिहितो, तर कोणी डब्ल्यूने. आधार केंद्रावर टंकलेखकाने एक अक्षर निवडले, बँकेत दुसऱ्याने दुसरे. ज्याचे नाव आहे त्याला हे कोणी विचारलेही नाही, आणि दंड मात्र त्याला. जन्मतारखेचेही तेच. गावोगावच्या वृद्धांचा जन्म कागदोपत्री १ जानेवारीचा असतो, कारण रकाना रिकामा ठेवण्याची मुभा नव्हती आणि ‘रोवणीच्या दिवसांत, मोठ्या पुराच्या साली’ या उत्तराला रकाना नव्हता.

कागदाने स्त्रीला नाकारण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी ओळख दिली होती. तेव्हा निवडणूक आयोगाचा आग्रह होता की स्त्रीने स्वतःच्या नावाने उभे राहावे. त्या आग्रहात निदान एक लोकशाही तत्त्व होते. आज चक्र उलटे फिरले आहे. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, आणि लाभार्थी स्त्रीला स्वतःच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही भरावा लागला. ज्यांचा पती आणि वडील दोघेही हयात नाहीत त्यांनी काय करायचे, टाकलेल्या स्त्रीने कोणाच्या दारात जायचे, याचे उत्तर साच्यात नव्हते. ओरड झाल्यावर सरकारला वेगळी सोय करावी लागली. विधवा महाराष्ट्रात सप्टेंबरनंतर निर्माण झाल्या काय? साचा आखणाऱ्यांना त्या दिसल्या नव्हत्या, एवढाच याचा अर्थ.

येथे कोणी म्हणेल की तंत्रज्ञानाच्या या मर्यादाच आहेत. हे खरे नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात आधार क्रमांकांच्या वाटपाला आरंभ झाला. या योजनेच्या पडताळणीसाठी जो तांत्रिक आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात जन्मतारखेचे तीन प्रकार होते : कागदपत्रांनी सिद्ध झालेली, व्यक्तीने सांगितलेली आणि अंदाजे. भारतीय भाषेतील नावासाठी स्वतंत्र जागा होती. नाव तंतोतंत जुळावे की अंशतः जुळले तरी चालावे, आणि चालावे तर किती टक्के, हे पडताळणी मागणाऱ्या खात्याला ठरवण्याची सोय होती. म्हणजे साचा आखणाऱ्या अभियंत्यांना ठाऊक होते की या देशात नावे डगमगतात आणि तारखा अंदाजाच्या असतात. संशयाचा फायदा माणसाला देण्याची कळ त्यांनी यंत्रात बसवली होती. जेथे एका अक्षराच्या फरकावरून माणसाला परत पाठवले जाते, तेथे ती कळ न दाबण्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो, आणि तो निर्णय तांत्रिक नसतो.

या पद्धतीचा उगमही या संदर्भात आठवण्याजोगा आहे. ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ या कल्पना ज्या ‘सिम्युला ६७’ या संगणकभाषेतून पुढे आल्या, ती ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगॉर्ड या दोघा नॉर्वेजियनांनी घडवली. त्यासाठी त्यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. यांपैकी नीगॉर्ड १९७० नंतरच्या काळात नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम करू लागले. कारखान्यात संगणक येणार असेल तर तो काय मोजणार आणि कोणासाठी मोजणार, हे कामगारांना समजले पाहिजे आणि त्याच्या रचनेत त्यांचा आवाज असला पाहिजे, हा त्या कामाचा गाभा होता. आपल्या राज्यकर्त्यांनी नीगॉर्डची पद्धती उचलली आणि त्यांची लोकशाही ओस्लोतच ठेवली. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तुमसर-मोहाडीच्या शेतकऱ्याला, सामाईक सातबाऱ्यावरील पाच भावांना, दुसऱ्याची बांधी बटईने कसणाऱ्याला, ‘शेतकरी’ या वर्गाची व्याख्या करताना कोणी विचारले होते काय?

सरकारपक्षाचा ठरलेला युक्तिवाद असा की ही कडक तपासणी नसेल तर बोगस लाभार्थी तिजोरी लुटतील. बोगसांना रोखलेच पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु नावातील एका अक्षराचा फरक हा चोराचा पुरावा आहे काय? अनुभव उलटा आहे. जो लबाडी करायला निघतो तो प्रथम आपले कागद नीट करतो. त्याच्या सर्व कागदांवर नाव अक्षरशः सारखे असते. कागद विसंगत असतात ते ज्याच्या आयुष्यात कागद दुसऱ्यांनीच लिहिले त्याचे. अर्थशास्त्राच्या भाषेत, कोणत्याही कल्याण योजनेत दोन चुका संभवतात : अपात्र आत येणे आणि पात्र बाहेर राहणे. पहिल्या चुकीचा हिशेब कोटींत मांडून जाहिरात होते. दुसरीचा हिशेब ठेवणारा रकानाच नाही. उपाशी राहिलेल्या पात्र माणसाचे पैसे सरकारच्या वहीत ‘बचत’ म्हणून जमा होतात, ही या हिशेबाची खरी लबाडी आहे.

शिवाय चूक सुधारण्याचा खर्च कोणावर? २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे माहिती चुकीची आढळली तर ती बदलून घेण्यासाठी अर्ज करायचा तो आधारधारकाने. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्याच्या दुरुस्तीचे शुल्क ७५ रुपये झाले. त्यावर तालुक्याला जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेला रोज. नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, ही आणखी एक मर्यादा. टंकलेखकाची चूक असली तरी ती संधी खर्च होते ती मजुराचीच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी बहुमताने आधार वैध ठरले, तरी न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या भिन्नमतपत्रात वगळल्या जाणाऱ्यांची दखल आहे. न्यायालयांतील हा वाद तत्त्वाचा होता. लाखनीच्या बँकेसमोरच्या रांगेत तो पोटाचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. नाव जुळले नाही एवढ्याच कारणावरून कोणाचेही धान्य, मजुरी, निवृत्तिवेतन वा खरेदीचे चुकारे थांबता कामा नयेत. देणे चालू ठेवून तपास करण्याची जबाबदारी खात्याची असावी. देवनागरीतील नाव हे मूळ मानावे आणि रोमन रूप हा केवळ त्याचा उतारा. प्रणालीत एका माणसाची अनेक नावे, माहेरचे, सासरचे, बोलीतले, त्या त्या काळासह नोंदवता यावीत. मार्च २०२४ मध्ये नावात आईचे नाव घालण्याचा योग्य निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्याअर्थी मनात आणले तर साचा बदलता येतो. नाकारलेल्या प्रत्येक नोंदीचे कारण लेखी मिळावे, आणि अशा नोंदींची तालुकावार संख्या दरमहा प्रसिद्ध व्हावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीचा अधिकार गावात आला पाहिजे. सातबाऱ्याच्या चावडीवाचनाची परंपरा महाराष्ट्राला आहे. नाकारलेल्या नावांची यादी ग्रामसभेत वाचावी आणि ‘ही बाई तीच’ असे गावाने सांगितले तर तो पुरावा सरकारने मानावा. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने प्रजासमाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना लोकसभेत पाठवले. त्याच मेहतांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ मध्ये पंचायतींना खरी सत्ता देण्याचा अहवाल दिला. ज्या गावाला आपला प्रतिनिधी निवडण्याइतकी अक्कल आहे, त्याला आपली माणसे ओळखण्याइतकीही आहे. सरकारला ते मान्य नसेल, तर त्याने तसे उघड सांगावे. ‘सिस्टीम घेत नाही’ या वाक्याआड लपू नये.