हात बसलाय म्हणे! मग बोल्ट का तुटला?

पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवायची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून एकदम पाच हजार झाली. तेव्हा आपण सगळ्यांनी बोंब मारली. मीही मारली. पण त्याच जुन्या गाडीचं इंजिन आपण कुणाच्या हातात देतो आणि त्या हातात अवजार कुठलं असतं, यावर वसईत कुणी चकार शब्द काढत नाही.

माझ्याकडे वडिलांची मारुती ८०० आहे. गेल्या वर्षी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये तापली आणि हेड गॅस्केट गेलं. गॅरेजचं नाव घेत नाही, कारण दहापैकी आठ ठिकाणी हेच चालतं. मिस्त्रीने हेड उतरवलं, नवीन गॅस्केट टाकलं आणि बोल्ट आवळायला पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवला. मी विचारलं, "मिस्त्री, टॉर्क रेंच नाही का?"

"दादा, वीस वर्षं हेच करतोय. हात बसलाय."

महिन्याभरात रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे. दुसरीकडे उघडायला नेली तर एक बोल्ट ब्लॉकमध्येच तुटला. पंधरा दिवस गाडी पडून, खर्च तिप्पट.

टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट किती आवळला ते मोजणारा पाना, जादू नाही. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बोल्ट सैल राहिला तर गॅस्केट गळतं. जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो, आटे जातात, हेड वाकतं. म्हणून कंपनीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो आणि क्रमही: मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत. एक बोल्ट गंजलेला, दुसऱ्याला तेल लागलेलं, तर तोच हात, तोच जोर, पण पकड वेगळी. हे 'बसलेल्या हाताला' कसं कळणार?

ॲम्बेसेडरवाल्यांचं दुखणं आणखी जुनं. तिच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचा घाट ब्रिटिश, नट-बोल्ट इंचातले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आपला मिस्त्री त्याला १३ चा पाना लावतो. फरक पॉइंट तीनचा. आपल्या खाऱ्या हवेत गंजलेल्या नटाला तेवढा पुरतो. कोपरे गोल होतात, मग पकड, मग छिन्नी-हातोडी, आणि शेवटी गिऱ्हाइकालाच ऐकवायचं, "साहेब, गाडीच जुनी झालीय, काढून टाका." पुढे १९९२ नंतर त्याच गाडीत इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं, त्याचे बोल्ट मिलिमीटरवाले. बाहेरून गाडी तीच, इंजिनाचे पाने वेगळे. बॉनेट उघडून बघायला तरी हवं ना?

मिस्त्रीची बाजू नाही असं नाही. आपण दोनशे रुपयांच्या मजुरीवरून अर्धा तास घासाघीस करतो, आणि वर्षातून दोनदा लागणारा पुलर त्याने स्वतःच्या खिशातून घ्यावा अशी अपेक्षा ठेवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता तिच्यासाठी कोण अवजार घेणार? पण साध्या टॉर्क रेंचला दोन-चार हजार पडतात आणि तो सगळ्या गाड्यांना चालतो. फिलर गेज तर काही शेकड्यात येतं, तरी टॅपेट 'आवाजावर' लावतात!

मला चीड याची येते की वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत आपलीच पोरं लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतात. हवा तो पुलर तिथे बनवून मिळतो. आणि तिथून हाकेच्या अंतरावर इंजिन अंदाजाने बांधलं जातं. एका नाक्यावरच्या पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून एक पेटी घ्यावी: टॉर्क रेंच, इंची गोट्या, पुलर, वॉल्व्ह स्प्रिंगचा कॉम्प्रेसर. आणि आपण गिऱ्हाइकांनी भाव विचारण्याआधी अवजार विचारावं. पेटी दाखवणाऱ्याला शंभर रुपये जास्त द्यावेत, कुरकुर न करता.

माझा बोल्ट शेवटी वसई गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी काढला आणि नवे मोजून आवळले. काम झाल्यावर रेंच सैल करून फडक्यात गुंडाळला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. मी म्हटलं, "काका, एवढं जपता?"

"उसना मागायला येतात रे. आणि त्यानेच गंजलेले बोल्ट सोडवत बसतात."